वस्तू कोणत्या दिशेने सरकते, हे दृष्टिपटलातील चेतापेशींना कसे कळते? की ते मेंदूच ठरवतो?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो माझ्या जिव्हारी लागलेला आहे. प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न विचारला गेला होता. समोर ट्रेमध्ये मी विच्छेदन केलेला बकऱ्याचा डोळा होता. कांद्याच्या पापुद्र्यासारखे दृष्टिपटल सगळीकडून सुटून केवळ दृष्टिचेतेपाशी चिकटून राहिले होते. दिशेचा निवाडा या पापुद्र्यातच सुरू होतो, असे मी म्हणताच परीक्षकांनी "डोळा म्हणजे कॅमेरा, बाकी सारे मेंदूचे काम" असे सांगून मला थांबवले. ते चूक होते, आणि ती चूक तेव्हाही जुनीच होती.

बार्लो आणि लेव्हिक या शास्त्रज्ञांनी १९६५ सालीच सशाच्या दृष्टिपटलातील अशा गुच्छिका पेशींचे (दृष्टिपटलाचा संदेश मेंदूकडे नेणाऱ्या चेतापेशींचे) सविस्तर वर्णन केले होते, ज्या प्रकाशाचा ठिपका एका दिशेने सरकला की भराभर विद्युत स्पंद पाठवतात आणि तोच ठिपका त्याच वाटेने उलटा नेला की जवळजवळ गप्प होतात. त्यांना गप्प करतात त्या दृष्टिपटलातल्याच स्टारबर्स्ट अमॅक्राइन नावाच्या चेतापेशी. या पेशीच्या शाखा चहूकडे पसरलेल्या असतात, आणि ठिपका मध्याकडून टोकाकडे गेला तरच ती शाखा जोरात उत्तेजित होऊन गाबा हे दमनकारी रसायन सोडते. उजवीकडची हालचाल टिपणाऱ्या गुच्छिका पेशीला प्रामुख्याने डावीकडे रोखलेल्या शाखा जोडलेल्या असतात. म्हणून ठिपका डावीकडे निघाला की तिचा आवाज दाबला जातो. ही निवडक जोडणी २०११ मध्ये उंदराच्या दृष्टिपटलात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने एकेक धागा माग काढून दाखवण्यात आली. शाखेला मुळात बाहेरची दिशाच का मानवते, हा मात्र स्वतंत्र उत्तराचा विषय आहे.

तुम्ही परीक्षेसाठी विचारत असाल, तर कॅमेऱ्याची उपमा लिहू नका, आणि कोणी ती पुढे केली तर सशाचा प्रयोग शांतपणे सांगा. हे सारे मुख्यतः ससा आणि उंदीर यांच्याविषयीचे आहे, आणि माणसाला जाणवणाऱ्या हालचालीचे बरेचसे काम मेंदूच्या बाह्यकात (बाहेरच्या थरात) होते, हेही मान्य करायला हवे. तरीही एफआरएमडी७ या जनुकात दोष असलेल्या माणसांचे डोळे जन्मापासून आडवे थरथरतात, आणि उंदरात तेच जनुक बिघडवले की दृष्टिपटलाची आडवी दिशा ओळखण्याची क्षमता नाहीशी होते. माणसाच्या दृष्टिपटलातही असेच काही घडत असावे, असे यावरून वाटते. त्या दिवशी मला बोलू दिले असते, तरी हा पुरावा माझ्यापाशी नव्हता. तो २०१६ साली आला.