स्लॅबमधला अँकर किती भार पेलतो?

प्रश्न: हॉलमध्ये स्लॅबला झोपाळा टांगायचा आहे. अँकर फास्टनरच्या (काँक्रीटमध्ये भोक पाडून पक्का बसवायच्या बोल्टच्या) तक्त्यात अल्टिमेट लोड २० किलोन्यूटन आणि अलाउएबल लोड ५ किलोन्यूटन असे दोन आकडे आहेत. मिस्त्री म्हणतात, '२० म्हणजे दोन टन, दोन फास्टनर पुरे.' खरे काय?

उत्तर: मिस्त्रींचे दोन टनांचे गणित बरोबर, पण तो अँकर उपटून निघण्याचा आकडा आहे. चाचणीत काँक्रीटच्या जाड ठोकळ्यात, कडेपासून लांब, एकच अँकर बसवून तो निघेपर्यंत ओढतात आणि बहुधा अशा अनेक चाचण्यांची सरासरी छापतात. सरासरी म्हटली की काही नमुने त्याआधीच निघालेले असतात. म्हणून स्थिर भारासाठी ४ ने भागून ५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ५१० किलो धरतात. धक्के बसत असतील तर १० किंवा त्याहून मोठ्या आकड्याने भागण्याची प्रथा आहे. झोपाळा याच वर्गातला, तेव्हा हाती उरतात २ किलोन्यूटन, साधारण २०० किलो.

आता भार पाहा. माणसे १५० किलो आणि फळी-साखळ्या ३० किलो धरल्या तर एकूण १८० किलो. झोका ६० अंशांपर्यंत गेला तर खाली येताना ओढ दुप्पट होते: ३६० किलो. एकेका अँकरला एक अशा कड्या चार असल्या तरी साखळ्या कधीच सारख्या ताणलेल्या नसतात. दोनच कड्या भार घेतात असे धरा. प्रत्येकी १८० किलो. दोनशेच्या आत बसले, पण जेमतेम, आणि तेही तक्त्याच्या सगळ्या अटी पाळल्या तरच. घरात त्या बहुधा पाळल्या जात नाहीत.

सर्वांत जास्त फसवते ते अँकर किती खोल गेला हे. अँकरची पकड काँक्रीटमधल्या खोलीच्या दीडाव्या घातानुसार बदलते. ८० मिमी हवे असताना त्यातले २० मिमी प्लास्टरमध्येच गेले, तर ताकद सुमारे ३५ टक्क्यांनी घटते. प्लास्टर खोलीत मोजायचेच नाही. दोन अँकरमधले अंतर खोलीच्या तिपटीपेक्षा किंवा कडेपासूनचे अंतर दीडपटीपेक्षा कमी असेल, तरी आकडा कमी धरावा लागतो. शिवाय स्लॅबच्या मधल्या भागाचा तळ ताणाखाली असतो, तिथे बारीक भेगा असणारच. तक्ता 'भेगा नसलेल्या काँक्रीट'साठीचा असेल तर तो तिथे लागू नाही. १०० ते १२५ मिमीच्या स्लॅबमध्ये अनेक जाड अँकरना लागणारी किमान जाडीच मिळत नाही.

केमिकल अँकर, म्हणजे भोकात इपॉक्सीसारखा रासायनिक गोंद भरून चिकटवलेला रॉड, वापरण्याचा मोह होईल. छताला कायम लोंबणाऱ्या भारासाठी दीर्घकाळच्या ओढीची चाचणी झालेलाच घ्या. २००६ मध्ये बोस्टनच्या बोगद्यात अशा अँकरनी टांगलेले छताचे काँक्रीटचे जड पॅनेल कोसळून एक महिला दगावली. तिथले इपॉक्सी थोड्या वेळाच्या चाचणीत टिकले होते. सततच्या ओढीखाली मात्र ते हळूहळू सरकत गेले.

वरचा मजला तुमचाच असेल तर आमचा कौल आरपार सळईला: स्लॅबमधून १६ मिमीचा थ्रेडेड रॉड, वर सुमारे १५० मिमी चौरस जाड लोखंडी पट्टी आणि दोन नट. भोक पाडण्याआधी डिटेक्टरने स्लॅबमधल्या सळया शोधा, त्या कापू नका. हा भार स्लॅब पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. वर दुसऱ्यांचा फ्लॅट असेल तर स्टँडचा झोपाळा घ्या.

प्रश्न: एका कंपनीच्या तक्त्यात 'रेकमेंडेड ४.३' किलोन्यूटन, दुसरीच्यात 'अल्टिमेट १२' किलोन्यूटन. दुसरा मजबूत का?

उत्तर: नाही. १२ ला ४ ने भागले की ३ उरतात, म्हणजे पहिलाच सरस. युरोपीय पद्धतीत कॅरॅक्टरिस्टिक आकड्याला (चाचणीत बहुतेक सगळे नमुने पेलतात त्या भाराला), उदाहरणार्थ ९ ला, आधी १.५ ने आणि मग १.४ ने भागून ४.३ काढतात. त्यात सुरक्षेचे गुणक आधीच धरलेले असतात, पुन्हा ४ ने भागू नका. मात्र दोन्ही आकडे एकाच खोलीचे आणि एकाच ग्रेडच्या काँक्रीटचे आहेत का, हे तुलनेआधी पाहा.