२०११ची पेट्रोल गाडी सकाळी थरथरते, स्कॅनर पी०३०१ आणि पी०१७१ दाखवतो. मेकॅनिक म्हणतो ऑक्सिजन सेन्सर गेला. बदलू का?

इतक्यात नको. दोन कोडांपैकी तुमच्या मेकॅनिकने नेमका चुकीचा पकडलाय असं मला वाटतं.

पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. तिथे पेट्रोल जळलं नाही की आत आलेली हवाही तशीच्या तशी सायलेन्सरच्या वाटेला लागते. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळवतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. हा झाला पी०१७१. म्हणजे सेन्सर बहुतेक खरंच बोलतोय आणि आपण त्यालाच काढायला निघालोय.

गोव्यातल्या डिचोलीत ऐन पावसात गाडी रात्रभर उघड्यावर असते, सकाळी थरथरते आणि दुपारी सरळ चालते, असं तुम्ही लिहिलंय. माझा पहिला संशय ठिणगी पाडणाऱ्या जोडीवर, कॉइल आणि प्लगवर. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर चावी काढून, इंजिन गार असताना पहिली आणि दुसरी कॉइल आपसात बदला, कोड पुसा आणि गाडी फिरवून आणा. आता पी०३०२ आला तर कॉइल गेली, विषय संपला. पी०३०१च राहिला तर तसेच दोन प्लग आपसात बदलून बघा. तरीही हलला नाही तर मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा.

कॉइल बाहेर काढलीच आहे तर मोबाइलचा टॉर्च लावून प्लगच्या खड्ड्यात डोकवा. पाणी असेल तर पावसाचं किंवा वॉशिंगवाल्याच्या प्रेशरचं. ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. कॉइलच्या रबरावर केसाएवढी काळी रेघ दिसली तर ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथूनच बॉडीत पळतेय.

माझंच सांगतो. मागे माझी गाडी धूर काढायची, पेट्रोल प्यायची. "पात्रांव, सेन्सर गेलो!" असं मेकॅनिक म्हणाला म्हणून कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) टेम्परेचर सेन्सर दोनदा बदलून झाला. शेवटी स्वतः स्कॅनर लावून लाइव्ह डेटा बघितला, तर कूलंटचं तापमान उणे ४० अंश. साखळीत, मे महिन्यात! मी घाम पुसत ते वाचत होतो. सर्किट तुटलेलं असलं की आकडा असा तळाला जातो, आणि कडाक्याची थंडी आहे समजून ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो. कनेक्टर उघडला तर पिनेवर तांब्याच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक. पिन बदलली आणि गाडी ताळ्यावर आली. दोन्ही सेन्सर बहुधा चांगलेच होते. आपल्याकडची दमट हवा, किनाऱ्याकडे त्यात खारं वारं, यात कनेक्टर आणि बॅटरीची अर्थची वायर आधी तपासायची, सेन्सर नंतर.

मिसफायर गेल्यावरही पी०१७१ एकटा परत आला तर हवेचे पाइप चिरलेत का, ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला, सायलेन्सर लीक आहे का आणि पेट्रोलचं प्रेशर बघा. सेन्सर त्यानंतर.

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर गॅरेजपर्यंत हळू जा. लुकलुकत असेल तर बाजूला घेऊन बंद करा, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग आहे. आणि कोड पुसण्याआधी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, फ्रीझ फ्रेमसकट, म्हणजे कोड आला त्या क्षणाच्या साठवलेल्या आकड्यांसकट.