ओसीआय कार्डावर निळी जर्सी मिळत नाही

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, जन्म तिथलाच, पासपोर्ट ब्रिटिश, एका फुटबॉल क्लबच्या अकादमीत खेळतो. त्या लिहितात, "आम्ही मूळचे सोलापूरचे. पोरगा म्हणतो, खेळेन तर भारताकडूनच. ओसीआय कार्ड तर आहेच. म्हणून विचार चाललाय, पुढच्या वर्षी त्याला पुण्याला माझ्या आईकडे ठेवावं आणि तिथल्या अकादमीत घालावं. मिस्टर म्हणतात, इंग्लंडकडून बोलावणं आलं तर नाही म्हणायचं का? सासूबाईंना जीसीएसईची, म्हणजे इथल्या शालेय परीक्षेची काळजी. आणि मराठी तर पार विसरत चाललाय."

ताई, "ओसीआय कार्ड तर आहेच" हे तुमचं वाक्य मला दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या पत्रात भेटतं, आणि दर वेळी जीव कळवळतो. ओसीआय म्हणजे मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारा आयुष्यभराचा व्हिसा आणि काही सवलती. ते नागरिकत्व नाही. भारताच्या संघात फक्त भारतीय पासपोर्टधारकालाच घ्यायचं, हे क्रीडा मंत्रालयाचं धोरण २००८ पासून आहे. जागतिक फुटबॉल संघटना फिफाही आधी राष्ट्रीयत्वच विचारते. बर्मिंगहॅमला जन्मलेला, लिव्हरपूलच्या अकादमीत घडलेला यान धंदा भारताकडून खेळायची इच्छा उघड बोलून दाखवत आला. अडलं ते पासपोर्टपाशीच.

तुमच्या मुलाने हमझा चौधरीला पाहिलं असणार. लफबरोत जन्मलेला, इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघातून खेळलेला हा मुलगा मार्च २०२५ मध्ये शिलाँगला बांगलादेशकडून उतरला, तोही भारताविरुद्धच. मोरोक्कोने २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठली तेव्हा २६ पैकी १४ खेळाडू मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. हकिमी माद्रिदचा, झियेश नेदरलँड्सचा. पण हे देश दुसरा पासपोर्ट चालवून घेतात, भारत घेत नाही. दुहेरी नागरिकत्व न मानणाऱ्या सुरिनामने २०१९ मध्ये खेळाडूंसाठी वेगळा क्रीडा पासपोर्ट काढला आणि नेदरलँड्समधली आपली मुलं संघात आणली. तसा दरवाजा आपल्याकडे आज नाही. म्हणून मोरोक्कोचं उदाहरण देऊन मुलाला आशा लावू नका.

मग वाट कोणती? अराता इझुमी जपानमध्ये जन्मला, वडील भारतीय; पुणे एफसीकडून खेळणाऱ्या या मुलाने जपानी नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. रायन विल्यम्स पर्थचा, आई मुंबईत जन्मलेली, आजोबा संतोष करंडक या राज्यांच्या फुटबॉल स्पर्धेत मुंबईकडून खेळलेले. तो बंगळुरूच्या क्लबात आला, ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं आणि २०२५ मध्ये भारतीय पासपोर्ट घेतला. म्हणजे आधी इथे येऊन राहायचं, मग अर्ज, आणि शेवटी दुसरं नागरिकत्व सोडायचं.

कायद्यात बघा. नागरिकत्व अधिनियम १९५५ च्या कलम ५ नुसार तुमच्या मुलाला दोन रस्ते आहेत. आई किंवा वडील पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक असतील, तर अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने भारतात वास्तव्य हवं. दुसरा रस्ता ओसीआयचा: कार्डाची नोंद पाच वर्षं जुनी हवी, आणि बारा महिन्यांची अट तिथेही आहेच. दोन्हीकडे वय अठरा पूर्ण लागतं. उन्हाळ्याच्या चार सुट्ट्या जोडून बारा महिने होत नाहीत. माझ्या भाच्याचा अर्ज याच हिशोबात अडकला.

आता पंधराव्या वर्षी पुण्याला पाठवण्याबद्दल. ताई, रागावू नका, पण हे करू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाची दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदणी करायला फिफाची मुळातच बंदी आहे. तिला मोजके अपवाद आहेत. तुम्हाला लागू पडू शकेल असा एकच: आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. आजी म्हणजे आई-वडील नव्हेत. पोरगा तिथे रोज सराव करेल आणि सामन्याच्या दिवशी बाहेर बसेल. रेडिंगची अकादमी सुटेल, वाढीची दोन वर्षं सामन्यांविना जातील, आणि अठरा पूर्ण होईपर्यंत नागरिकत्वाचा अर्जही करता येणार नाही.

मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घ्या, कारण इथे बरेच जण फसतात. मैत्रीपूर्ण सामन्याने कुणी बांधला जात नाही. रायन विल्यम्स २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ संघाकडून खेळला, पण तो सामना मैत्रीपूर्ण होता. अधिकृत स्पर्धेतला सामना मात्र बांधतो. कुमार गटात, एकविसाव्या वर्षाच्या आत, तसा सामना झाला तरी पुढे भारतीय नागरिकत्व मिळाल्यावर बदलाचा अर्ज करता येतो, कारण तुमचा जन्म भारतातला आहे. "तीन सामन्यांपर्यंत संघ बदलता येतो" असं जे ऐकू येतं, तो २०२० चा वरिष्ठ संघासाठीचा नियम. त्यात अट आहे की पहिल्या अधिकृत सामन्याच्या वेळीच नव्या देशाचं राष्ट्रीयत्व हातात हवं. ब्रिटिश आणि भारतीय ही दोन्ही एकत्र असू शकत नाहीत, म्हणून आपल्या मुलांना तो नियम उपयोगाचा नाही. इंग्लंडच्या वरिष्ठ संघाकडून स्पर्धेतला एक सामना खेळला, की भारताचं दार बंद. तेव्हा बोलावणं आलं तर जाऊ द्या. फक्त संघ व्यवस्थापकाला विचारा, सामना मैत्रीपूर्ण आहे की पात्रता फेरीचा?

ब्रिटिश नागरिकत्व सोडायची किंमतही मुलासमोर मांडा. मग इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळायला त्याला परदेशी खेळाडूसारखी फुटबॉल असोसिएशनची मान्यता लागेल. तिथे राष्ट्रीय सामन्यांचे गुण मिळतात ते फिफा क्रमवारीतल्या पहिल्या ५० देशांच्या खेळाडूंना, आणि भारत पहिल्या १०० च्याही बाहेर आहे. एक दिलासा आहे: दुसरं नागरिकत्व घेण्यासाठी म्हणून सोडलेलं ब्रिटिश नागरिकत्व एकदा हक्काने परत मिळतं.

आत्ता करायचं काम एकच, कागद जमवा. नागरिकत्वाच्या अर्जाला तुम्ही पूर्वी भारतीय होतात याचा पुरावा लागेल, आणि फिफाला तुमचा जन्म भारतात झाल्याचा. रद्द झालेला भारतीय पासपोर्ट आणि तो परत केल्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विसंबू नका, महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला काढा. आणि इथे आपल्या लोकांची हमखास चूक होते: बाळंतपण माहेरी होतं, म्हणून नोंद आईच्या माहेरगावी असते. तुम्ही सोलापूरच्या असाल, पण तुमची आई बार्शीची असेल तर नोंद बार्शीत शोधा. नोंद बारशाआधी झालेली असते, त्यामुळे नावाचा रकाना कोरा सापडतो. आमच्या जाऊबाईंच्या दाखल्यावर नुसतं "मुलगी" होतं. नाव घालून घेण्याचा अर्ज त्याच कार्यालयात होतो. नोंदच नसेल तर आधी अनुपलब्धतेचा दाखला घ्या, मग दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने विलंबित नोंदणी करा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाहनोंदणीचा दाखला जोडा. परदेशात वापरायच्या प्रतीवर आधी राज्य शासनाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं प्रमाणीकरण, लागतं. स्पेलिंग सगळीकडे एकच हवं. एका कागदावर "व्ही" आणि दुसऱ्यावर "डब्ल्यू" असेल तर आजच दुरुस्त करा.

दुबई-मस्कतच्या पालकांची मुलं बहुधा भारतीय पासपोर्टवरच असतात. त्यांच्यापुढे यातलं काहीच नाही, फक्त खेळ आहे. आणि ज्या वाचकांच्या मुलांकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी ब्रिटिश किंवा जर्मन अर्ज भरण्याआधी खेळाचाही विचार करावा.

मराठीचं म्हणाल तर आजीला रोज पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉल लावून द्या आणि सामन्याचं वर्णन तिला मराठीतच सांगायला लावा. सासूबाईंना सांगा, पोरगा रेडिंगमध्येच राहतोय, परीक्षाही तिथेच देणार.

डिसेंबरात सोलापूरला जाणार असं लिहिलंय. जन्म-मृत्यू नोंदणी विभागात जाल तेव्हा आईचं माहेरचं नाव, जन्माचं वर्ष आणि दवाखान्याचं नाव लिहून न्या. उतारा हातात पडला की खिडकीवरच वाचा, आणि जन्मस्थळाच्या रकान्यात गावाचं नाव नसेल तर दुरुस्तीचा अर्ज तिथेच देऊन या.