वारा पडलेला असताना विमान कललं कसं?

ताई, सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) मुंबईला जाताना तुमचं एटीआर, म्हणजे पंख्याच्या इंजिनाचं लहान विमान, उतरायच्या जरा आधी एकदम डावीकडं कललं, लगेच सावरलं आणि न उतरता पुन्हा वर गेलं. आभाळ स्वच्छ, वारा नाही, मग हे कसं, असं तुम्ही विचारलंय. तुमचे सासरे म्हणतात तो ‘एअर पॉकेट’ नव्हे. हवेत अशी पोकळी नसतेच. मी हवाई वाहतूक नियंत्रणात नोकरी केली आहे. तुमच्या वर्णनावरून हा वेक टर्ब्युलन्स वाटतो, म्हणजे पुढच्या विमानानं मागं सोडलेले भोवरे.

पंखाखालची जास्त दाबाची हवा पंखाच्या टोकाला वळसा घालून वर येते. दोन टोकांना दोन भोवरे, उलट दिशांनी फिरणारे. वल्हं मारून नाव पुढं गेली तरी पाण्यात भोवरा फिरत राहतो, तसे ते मागं राहतात. इंजिनाच्या झोताचा यात संबंध नाही. विमान जितकं जड आणि वेग जितका कमी, तितका भोवरा जोरदार.

हे भोवरे मिनिटाला साधारण ३०० ते ५०० फूट खाली जातात, म्हणून मागचं विमान बहुतेक वेळा त्यांच्या वरून सुखरूप निघून जातं. घोटाळा होतो तो नेमका शांत हवेत. आषाढातला वारा सांबऱ्यावर उतरताना आपल्याला हलवून सोडतो, पण तोच वारा भोवरेही मोडून टाकतो. वारा पडला की ते दोन-तीन मिनिटंसुद्धा टिकतात. पाठीमागून हलका वारा असला तर पुढं सरकून मागच्याच्या वाटेतच येतात. जमिनीजवळ ते खाली न जाता बाजूला पसरतात, आणि बाजूनं मंद वारा असला की एक भोवरा धावपट्टीवरच रेंगाळतो.

१९७२ साली अमेरिकेत फोर्ट वर्थला सराव करणारं डीसी-९ हे विमान त्याहून बऱ्याच जड डीसी-१० विमानाच्या मागं उतरताना असंच उलटलं. आतले चौघेही गेले. त्यानंतर अंतराचे नियम कडक झाले. विमानांचे वजनावरून वर्ग केलेले असतात; बोइंग ७७७ सारख्या ‘हेवी’ विमानामागं ‘मीडियम’ला ५ सागरी मैल, म्हणजे ९ किलोमीटरच्या वर, अंतर ठेवतात. मला खटकतं ते एवढंच, की जुन्या वर्गवारीत ‘मीडियम’ ७ टनांपासून १३६ टनांपर्यंत पसरलेला आहे. तुमचं २३ टनांचं एटीआर आणि ७८ टनांचं एअरबस ए३२० एकाच वर्गात! त्या दोघांत भोवऱ्यासाठी वेगळं अंतर नाही, पायलटला स्वतःच सावध राहावं लागतं. सांबऱ्याला विमानं मोजकीच, म्हणून तिथं हा प्रश्न फारसा येत नाही. मुंबईत रांग लागलेली असते.

पायलट घाबरला का, असंही तुम्ही विचारलंय. नाही हो. जमीन जवळ असताना विमान कललं तर सरळ करून ताकद वाढवायची आणि वर जायचं, हेच शिकवलेलं असतं. त्यानं ते वेळेत केलं. सासऱ्यांना सांगा, पुढच्या वेळी उतरताना पट्टा कमरेला घट्ट ओढून ठेवा. हा धक्का आधी कळत नाही, रडारवर ढग दिसतात तसे भोवरे दिसत नाहीत.