लेकीच्या इंग्रजी साहित्यासाठी दहा गुंठे विकावेत का?

बेळगावजवळच्या येळ्ळूरहून एका ताईंनी विचारलंय: मुलगी यंदा पीयूसी (म्हणजे बारावी) झाली, कला शाखेत ९१ टक्के. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात इंग्रजी साहित्य आणि क्रिएटिव्ह रायटिंग या चार वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळालाय. शिष्यवृत्ती वजा जाता हॉस्टेलसकट २८ लाख लागतील. मिस्टर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्नर, वय ५१, हातात ३८ हजार येतात. धाकटा नववीत. क्रेडिट सोसायटीत ८ लाखांची ठेव आहे आणि दहा गुंठे भातशेत २० लाखांना मागितलंय. ठेव मोडणारच आहोत, पण वरच्या २० लाखांसाठी शेत विकावं की कर्ज काढावं? सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्र प्रवेशात सवलत देतो, ती मुलीला मिळेल का? दीर म्हणतात, 'इंग्रजी शिकायला एवढे पैसे? स्पोकनचा क्लास लाव की.'

ताई, दिरांचं मनावर घेऊ नका. स्पोकनचा क्लास वेगळा आणि हे वेगळं. लेखनाच्या चांगल्या वर्गात पंधराएक मुलं एकमेकांचे कच्चे खर्डे वाचतात, कुठं गोष्ट लंगडी पडली ते तोंडावर सांगतात, मग प्राध्यापक शेजारी बसवून ओळ न् ओळ दुरुस्त करून घेतात. जास्तीची फी जाते ती यासाठी. बेळगावच्या नेहमीच्या बीएत असा तास सहसा मिळत नाही. मुलीची ओढ खोटी नाही.

पण किंमत बघू. दरवर्षी ५ लाख असं २० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी घेतलं, तर शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक सवलतीचं वर्ष मिळून ७ लाख ३५ हजार व्याज चढतं. मग दहा वर्षं महिन्याला सुमारे ३६,९०० रुपये हप्ता. म्हणजे मिस्टरांचा आजचा जवळजवळ अख्खा पगार, तोही त्यांच्या ५६ व्या वर्षापासून ६६ व्या वर्षापर्यंत. लेखन, संपादन, अनुवाद यांत सुरुवातीची कमाई बेताचीच असते, तेव्हा मुलीला एकटीला हा हप्ता झेपणार नाही. शिवाय साडेसात लाखांवर बँका साधारणपणे तारण मागतात. शेतजमीन तारण म्हणून सहसा चालत नाही, कारण सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली बँकेला ती जप्त करता येत नाही. म्हणजे गहाण पडणार राहतं घर. कॉलेज पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत असेल तर तारण लागत नाही, आणि तुमच्या उत्पन्नात १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढचं वर्षभर व्याजात ३ टक्के सूटही मिळते. यादी जरूर बघा. पण हप्ता तरीही आपल्यालाच भरायचा असतो. बँकेतला माणूस शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची ८०-ई कलमाची करसवलत सांगेल. तुमच्या घरात आयकरच बसत नाही, सवलत कशातून घेणार?

शेत मात्र विकू नका. वर्षाचा बासमती घरात येतोय, आणि शहराला लागून असलेलं असं शिवार एकदा गेलं की तुमच्या पगारात परत घेता येणार नाही. त्यात महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या आत जमीन असेल तर भांडवली नफ्यावर कर लागतो. २० लाख पूर्ण हातात येतील असं धरून चालू नका. धाकट्याचं कॉलेजही तीन-चार वर्षांवर आलंय.

मग झेपतं किती? पगारातून महिना १२ हजार, चार वर्षांचे पावणेसहा लाख. ठेवीतले ३. कर्ज जास्तीत जास्त साडेसात. चालू व्याज दर महिन्याला भरत गेलात तर नंतरचा हप्ता १०,१०० च्या आसपास राहील, तो मुलगी पेलू शकेल. एकूण १६ लाख. वरच्या १२ लाखांसाठी प्रवेशाचे पैसे भरण्याआधी कॉलेजला अर्ज करा: पगाराची स्लिप, उत्पन्नाचा दाखला, सोबत मुलीच्या दोन कथा. खासगी विद्यापीठांत शिष्यवृत्तीचा फेरविचार होऊ शकतो, फक्त आपण मागत नाही. खर्च १६ लाखांवर आला तर बिनधास्त पाठवा. १८ वर अडला तरी मी ओढाताण करायला सांगणार नाही.

नाहीच जमलं तर बेळगावातच अनुदानित कॉलेजात इंग्रजी घेऊन बीए. फी हजारांत. कर्नाटकाने २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची केलीय, म्हणजे एक वर्षही वाचलं. त्या तीन वर्षांत तिने मराठी-कन्नड-इंग्रजी अनुवादाचा हात बसवावा. सीमाभागात वाढलेल्या पोरीला तिन्ही भाषा कानावर असतात, पुण्या-मुंबईच्या मुलांकडे हे भांडवल क्वचितच असतं. पुढे एमएला हैदराबादचं इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ आहे. केंद्रीय विद्यापीठ, त्यामुळे फी आटोक्यात. पैसा खर्चायचाच तर तेव्हा खर्चा, तोवर लेखनाची हौस टिकते का तेही कळेल.

८६५ गावांच्या सवलतीबद्दलही तुम्ही विचारलंय. ती मुख्यतः सीईटीमार्फत होणाऱ्या व्यावसायिक प्रवेशांसाठी आहे, खासगी विद्यापीठाच्या बीएला उपयोगाची नाही. गाव यादीत असेल तर धाकट्यासाठी दाखला काढून ठेवा.

आणि ठेवीचं काम कॉलेजचा निकाल काहीही लागो, आधी करा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सोसायटीतल्या ठेवीला ते नाही. आठही लाख एकाच सोसायटीत आहेत. पावती घेऊन जा, मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतील ते विचारा, आणि टप्प्याटप्प्याने राष्ट्रीयीकृत बँकेत हलवा.