डीएई सिम्पोझियमला खान्देशातून कशासाठी जावं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चोपड्याला शिकवता, निकेल-झिंक फेराइटवर (लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडवर) पीएच.डी. चालू आहे आणि गाइड म्हणतात, डिसेंबरच्या डीएई सिम्पोझियमला, म्हणजे अणुऊर्जा खात्याच्या परिषदेला, पेपर पाठवा. स्टाफरूममधला सल्ला वेगळा: एवढं लांब कशाला, जवळच्या कॉलेजातली एक दिवसाची राष्ट्रीय परिषद उरका, सर्टिफिकेट ते सर्टिफिकेटच. शिवाय तुम्हाला एक कोडं पडलंय. सॉलिड स्टेट (स्थायू पदार्थांचं भौतिकशास्त्र) आणि न्यूक्लिअर (अणुकेंद्राचं) अशी दोन वेगळी सिम्पोझियम असताना २०१५ साली दोन्ही साठावीच कशी?

कोड्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीचं उत्तर त्याच्या पोटात आहे. ही दोन्ही मूळची एकाच घरातली. पूर्वी ‘न्यूक्लिअर फिजिक्स अँड सॉलिड स्टेट फिजिक्स सिम्पोझियम’ असं एकच भरायचं. १९७० ला मदुराई, १९७२ ला चंडीगड, १९७६ ला अहमदाबाद, १९७७ ला पुणे. जुन्या पेपरांच्या संदर्भयादीत त्याच्या खंडाच्या आकड्याला चिकटून बी किंवा सी अक्षर दिसेल. बी म्हणजे न्यूक्लिअरवाले, सी म्हणजे सॉलिड स्टेटवाले. पुढे पसारा वाढला आणि दोघांनी वेगळ्या चुली मांडल्या, पण आकडा जुन्या घराचाच चालवला. करोनात २०२० चं वर्ष दोन्हीकडे हुकलं, त्यामुळे २०२१ ला दोन्ही पुन्हा बरोबरीनं पासष्टावी.

आता हे दोघे एका मांडवात आले कसे? आज एम.एस्सी.ला स्पेशलायझेशन निवडलं की न्यूक्लिअरचा मुलगा सॉलिड स्टेटच्या वर्गाकडे फिरकत नाही. तेव्हा तसं नव्हतं, कारण दोघांचं पाणी एकाच विहिरीचं होतं. १९५४ ला अणुऊर्जा खातं म्हणजे डीएई स्थापन झालं, ४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेत अप्सरा अणुभट्टी सुरू झाली आणि १९६० ला सायरस. अणुभट्टीतून न्यूट्रॉनचा झोत मिळतो. ट्रॉम्बेचे शास्त्रज्ञ राजा रामण्णा यांच्या गटानं तो अणुकेंद्राचं विखंडन समजून घ्यायला वापरला. त्यांचे सहकारी पी. के. अय्यंगार कॅनडातल्या चॉक रिव्हरच्या अणुसंशोधन केंद्रात ब्रॉकहाउस यांच्याकडे काम करून आलेले, त्यांनी तोच झोत स्फटिकांवर सोडून अणूंची कंपनं आणि चुंबकीय रचना तपासायला सुरुवात केली. (ब्रॉकहाउसना त्याच विषयासाठी १९९४ ला नोबेल मिळालं.) त्यात १९५८ ला मॉसबाउअर परिणाम सापडला. गॅमा किरण अणुकेंद्राचा, पण माहिती मिळते ती स्थायूतल्या लोखंडाच्या अणूभोवतालची. आता असा पेपर कुठल्या मांडवात वाचायचा, सांगा बरं.

ताई, यातला एक धागा थेट तुमच्या टेबलापर्यंत येतो. निकेल फेराइटमध्ये झिंक वाढवत नेलं की मॅग्नेटायझेशन आधी वाढतं आणि एका प्रमाणानंतर उतरायला लागतं, हे तुम्ही व्हीएसएमवर (मॅग्नेटायझेशन मोजायच्या यंत्रावर) पाहिलंच असेल. उतरतं का? स्फटिकात धातूच्या अणूंच्या ए आणि बी अशा दोन प्रकारच्या जागा असतात, त्यातल्या बी जागेवरचे चुंबकीय मोमेंट एकमेकांना समांतर न राहता कोनात झुकतात म्हणून. हे याफेट-किटेल कोन निकेल-झिंक फेराइटमध्ये न्यूट्रॉन विवर्तनानं मोजले ते ट्रॉम्बेच्या एन. एस. सत्यमूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९६९ च्या फिजिकल रिव्ह्यूमध्ये तो पेपर आहे आणि फेराइटवाले आजही तो उद्धृत करतात. तुमच्या गाइडनी नुसतं एक नाव सुचवलेलं नाही. तुमचा विषय ज्या माणसांनी देशात उभा केला, त्यांच्याच वर्तुळातली ही जत्रा आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. जळगावचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० चं, म्हणजे त्याआधी कुठलंही मोजमाप करायचं तर पुणे-मुंबईची वाट धरावी लागायची. तशात १९८७ साल उजाडलं. आदल्या वर्षी बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी ऑक्साइडमधली अतिवाहकता (विजेला अजिबात विरोध न होणं) दाखवली होती आणि आता इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड ९० केल्व्हिनच्या वर अतिवाहक होतं अशी बातमी आली. म्हणजे द्रव हेलियमची गरज संपली, ७७ केल्व्हिनचा द्रव नायट्रोजन पुरे. आणि द्रव नायट्रोजन आमच्याकडे कुठे असतो? गुरांच्या कृत्रिम रेतनाच्या केंद्रात! तिथून थर्मासमध्ये मागून आणायचो. अगेटच्या खलात तिन्ही पावडरी हात भरून येईपर्यंत घोटायच्या, भट्टीत ९०० अंशांच्या वर तापवायच्या, पुन्हा घोटायच्या, दाबून टिकली करायची, पुन्हा तापवायची. काळी टिकली थंड करून वर चिमुकला चुंबक ठेवला आणि तो तरंगला की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे बघायला यायचे.

पण चुंबक तरंगला म्हणून फिजिक्स झालं असं नाही. ते झालं पोस्टरसमोर. सिम्पोझियमच्या हॉलमध्ये पोस्टर लावून उभं राहिलं की बॅज न लावलेला एखादा ज्येष्ठ माणूस येतो, हात मागे बांधून सगळं वाचतो आणि विचारतो, “ऑक्सिजनमध्ये तापवली का? खाली किती सावकाश आणली?” त्या पदार्थात सगळी गंमत ऑक्सिजनच्या प्रमाणाची. भट्टी घाईनं थंड केली की ऑक्सिजन कमी पडतो आणि अतिवाहकता जाते. तो ऑक्सिजन एक्स-रेला नीट दिसत नाही, कारण शेजारी बेरियमसारखे जड अणू बसलेले असतात. न्यूट्रॉनला मात्र स्वच्छ दिसतो. ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी १९८५ ला सुरू झाली होती, त्यामुळे अशा गप्पांचा शेवट बऱ्याचदा “सॅम्पल पाठवून द्या, बघू” असा व्हायचा. वशिला नाही, ओळख नाही. या एका वाक्यासाठी भुसावळहून रात्रीची गाडी पकडणं परवडतं.

गाडीवरून आठवलं. लांबचं म्हणून घाबरू नका. भुसावळ जंक्शन दाराशी असणं हे आपलं नशीब आहे, हावडा लाइनही तिथूनच आणि इटारसीमार्गे दिल्लीही तिथूनच. सॉलिड स्टेटचं सिम्पोझियम २०१६ ला भुवनेश्वर, २०१७ ला मुंबई, २०१८ ला हिस्सार, २०१९ ला जोधपूर, २०२२ ला रांचीजवळ मेसरा, २०२३ ला विशाखापट्टणम असं फिरलं. न्यूक्लिअरवाले २०२३ ला आयआयटी इंदूरला होते, म्हणजे धुळ्याहून आग्रा रोडनं सरळ. हाय एनर्जीवाल्यांचं वेगळं, दोन वर्षांतून एकदा असतं. त्याच्याशी तुमचं काम नाही.

पेपराबद्दल स्पष्ट बोलतो. २०१० च्या मणिपालच्या पंचावन्नाव्या सिम्पोझियमपासून पुढे बरीच वर्षं सॉलिड स्टेटचे पेपर एआयपी (अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स) कॉन्फरन्स प्रोसीडिंग्जमध्ये यायला लागले. त्याच वर्षी यूजीसीचे एपीआय गुण, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीसाठी पेपर-परिषदांवर मोजायचे गुण, आले. दोन्ही एकदम आल्यावर व्हायचं तेच झालं. पेपर छापून येण्यापुरतं नाव नोंदवणारे वाढले, पोस्टर चिकटवून फोटो काढून शहर बघायला जाणारेही वाढले. तो फोटो नॅकच्या (कॉलेजाच्या मूल्यांकनाच्या) फाइलला उपयोगी पडतो, बाकी कशाला नाही. गावोगावच्या एक दिवसाच्या परिषदांना मी सरसकट नावं ठेवत नाही, पहिल्यांदा माइकसमोर उभं राहायची सवय तिथे होते. पण तिथे तुमच्या रिटव्हेल्ड फिटिंगवर (एक्स-रे आलेखाशी स्फटिकरचना जुळवून बघण्यावर) शंका काढणारा माणूस भेटत नाही. उद्घाटन, सत्कार, जेवण यांतच दुपार होते आणि मग प्रत्येकाला बोलायला पाच मिनिटं.

म्हणून गाइडचं ऐका, फक्त जाताना तयारीनं जा. तुमच्या नमुन्यांचं मॉसबाउअर मोजमाप झालेलं नसेल, तर यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम या संशोधन संस्थेचं इंदूर केंद्र विद्यापीठ-कॉलेजातल्या संशोधकांसाठीच उभं आहे. गाइडच्या सहीनं प्रस्ताव पाठवा. निकेल-झिंकच्या मॉसबाउअर आलेखात दोन सेक्स्टेट (सहा रेषांचे गट) वेगळे होतात की झिंक वाढल्यावर मधे डबलेट (दोन रेषांची जोडी) डोकावतं, यावर पोस्टरसमोर तासभर चर्चा होऊ शकते. चर्चा करणारी माणसं इंदूर केंद्राची असतील तर पुढचं मोजमापही पोस्टरसमोरच ठरेल.

पोस्टरवर एक्सआरडीचा (एक्स-रे विवर्तनाचा) आलेख मोठा ठेवा आणि फिटिंगमधली, मोजलेलं आणि काढलेलं यांतल्या फरकाची रेषा लपवू नका, पहिला प्रश्न तिच्यावरच येतो. प्रस्तावना चार ओळींत संपवा. लिहायची पद्धत कळत नसेल तर न्यूक्लिअर सिम्पोझियमची प्रोसीडिंग्ज नेटवर फुकट आहेत, तिथला प्रत्येक पेपर दोन पानांचा. विषय वेगळा असला तरी दोन पानांत काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते त्यावरून कळेल. तुमचा मसुदा झाला की इथे टाका, मी वाचून सांगतो. फक्त शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री टाकू नका.