पिकअपचं खरं अ‍ॅव्हरेज कसं काढायचं, आणि ते कमी का पडतं?

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका. पंपाचं नोझल आपोआप कट (बंद) होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहून ठेवा. चारेकशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंतच. ४२० किलोमीटरला ३५ लिटर बसलं तर अ‍ॅव्हरेज १२. कटनंतर ‘अजून थोडं’ घातलंत की हिशोब गेला.

डिझेल खातो तो वेग. ६० वरून ८० वर गेलात की हवेचा रोध जवळपास पावणेदोन पट होतो. त्यात केबिनच्या वर गेलेला माल आणि फडफडणारी ताडपत्री म्हणजे पॅराशूटच! दोरीने घट्ट आवळा. टायर थंड असताना, मालाच्या हिशोबाने हवा भरा. लाल सिग्नल दिसला की न्यूट्रल नको, गिअरमध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडा. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनात) तेव्हा इंजेक्टर डिझेल सोडतच नाहीत.